सिम्युलेटर आला म्हणून फँटम हेडचे तास कमी करावेत का?

एका डेंटल कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या लेक्चररचा प्रश्न आहे: "आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या बीडीएससाठी हॅप्टिक सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा दात कोरताना तो हाताला जाणवून देणारं यंत्र, घ्यायचं चाललंय. व्यवस्थापनाचं म्हणणं असं, की तो आला की फँटम हेडवरचे, म्हणजे प्लास्टिकचे दात बसवलेल्या सरावाच्या कृत्रिम डोक्यावरचे तास निम्म्यावर आणायचे. प्लास्टिकचे दात कमी लागतील, शिक्षकही कमी लागतील. मुलांचा हात त्यावर खरोखर बसतो का? आणि बसत असेल तर तास कमी करायला हरकत काय?"

सिम्युलेटर जरूर घ्या. त्यावर हात बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तास निम्मे करायला माझा ठाम विरोध आहे. आणि शिक्षक कमी लागतील हा हिशेब तर मुळातच उलटा आहे. मी बावीस वर्षं प्रिक्लिनिकल कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे रुग्णावर जाण्याआधीचं दात कोरून भरायचं काम, शिकवते आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं आमच्या फँटम लॅबच्या शेजारच्या खोलीत सिम्युलेटर आहेत. या सहा वर्षांत माझी स्वतःची मतं दोनदा बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मुलांपासून करते. आपल्याकडे येणारी मुलं नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर येतात. कॅनडात प्रवेश परीक्षेत साबणाची वडी कोरायला लावायचे, तसं काही आपल्याकडे नाही आणि त्याची मला खंतही नाही, कारण पहिल्या दिवशी ज्याचा हात चांगला चालतो तोच पुढे चांगला डॉक्टर होतो असं मला दिसलेलं नाही. पण याचा अर्थ असा, की अठरा-एकोणीस वर्षांचं मूल पेन आणि मोबाइल यांच्या पलीकडे काही न हाताळता आपल्यासमोर येतं. पहिल्या वर्षी ते मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या हातात एअरोटर, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारं दात कोरायचं यंत्र, येतो.

एअरोटर हातात येणं म्हणजे काय, हे आपण रोज वापरत असल्यामुळे विसरून जातो. फँटम हेडची कल्पना ब्रिटनमध्ये ओस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ साली मांडली. त्या काळी बर, म्हणजे दात कोरणारं फिरतं टोक, फिरायचा तो पायाने चालवायच्या यंत्रावर, सावकाश. हात चुकतोय हे कळायला आणि थांबायला विद्यार्थ्याला वेळ मिळायचा. १९५७ साली जॉन बॉर्डन यांचा एअरोटर आला आणि बर मिनिटाला तीन लाखांच्या वर फिरायला लागला. तो वेळ तिथेच संपला. आता चूक लक्षात येईपर्यंत ती होऊन गेलेली असते. शिकवण्याची पद्धत मात्र बरीचशी जुनीच राहिली: शिक्षकाने एकदा करून दाखवायचं, मुलांनी करायचं, मग रांगेत उभं राहून जर्नलवर सही घ्यायची. जी चूक पाव सेकंदात होते तिच्यावर शिक्षकाचं बोट पडतं वीस मिनिटांनी.

आपण त्यांच्याकडून मागतो ते किती बारीक असतं तेही बघा. ४६ वर, म्हणजे खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर, क्लास टू कॅव्हिटी (शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत जाणारा खड्डा), अमाल्गम या धातूच्या भरणासाठी. २४५ नंबरच्या बरचं डोकं ३ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद. ते साधारण अर्धं आत गेलं, की मधल्या खाचेपाशी दीड मिलिमीटर खोली झाली. तळ सपाट हवा, डेंटिनमध्ये, म्हणजे वरच्या कडक एनॅमलखालच्या थरात, जेमतेम शिरलेला हवा. शेजारच्या दातापासून अर्धा मिलिमीटर सुटायचं, आणि त्या दाताला ओरखडासुद्धा येता कामा नये. मुलांना वाटतं यात कोरणं अवघड आहे. कोरायला काहीच लागत नाही, एअरोटरला जोर लागतो तो फार तर एक-दोन न्यूटनचा. अवघड आहे ते थांबणं. हात ठरल्या जागी थांबवता येणं, हीच प्रिक्लिनिकलची सगळी कमाई आहे आणि सिम्युलेटरचं मोलही मी याच एका गोष्टीवर जोखते.

आता आयव्होरीन या प्लास्टिकचा दात घ्या, टायपोडॉन्ट म्हणजे सरावाच्या जबड्यामधला. तो आरपार एकसारखा लागतो. एनॅमल संपलं आणि डेंटिन लागलं, हे खऱ्या दातात बोटांना कळतं: बरचा आवाज किंचित खाली येतो, बर धरणारा हातातला हँडपीस पुढे सरकायला बघतो. प्लास्टिकमध्ये असं काहीच होत नाही. किडीचा मऊ भाग तर नसतोच. म्हणजे हाताने थांबावं असं सांगणारी खूण प्लास्टिकमध्ये नाही, आणि आपण मुलाला म्हणतो, "बरोबर थांब." मग ते मूल डोळ्यांनी आणि प्रोबने, म्हणजे तपासायच्या बारीक सळीने, मोजून थांबायला शिकतं. तेही लागतंच. पण बोटं शिकायची राहून जातात.

माझ्या विद्यार्थीदशेत ही उणीव खऱ्या दातांवर भरून निघायची. गावातल्या दवाखान्यांमध्ये जाऊन "सर, काढलेले दात असतील तर द्या ना" म्हणून बरण्या भरून आणायचो आणि प्लास्टरमध्ये बसवायचो. ते आता कठीण झालंय. निर्जंतुकीकरणाचे प्रश्न आहेत, आणि दात वाचवण्याकडे कल वाढल्यामुळे धडधाकट दाढा मिळतच नाहीत. मिळाल्या तरी पंचवीस मुलांना पंचवीस वेगळे दात. एकाची कीड वरवर, दुसऱ्याची पल्प म्हणजे दाताच्या आतल्या नसेपर्यंत. तुलना कशी करणार?

सिम्युलेटर नेमका इथे उपयोगी पडतो. त्यात हँडपीस एका यांत्रिक हाताला जोडलेला असतो. त्या हाताच्या सांध्यांमध्ये मोटर आणि स्थान मोजणारे सेन्सर असतात. पडद्यावरचा दात म्हणजे लाखो बारीक त्रिमिती ठोकळ्यांचा ढीग, आणि प्रत्येक ठोकळ्याला काठिण्य ठरवून दिलेलं: हा एनॅमल, हा डेंटिन, ही कीड, हा पल्प. बरचं टोक कुठल्या ठोकळ्यावर टेकलंय ते संगणक काढतो आणि मोटरला सांगतो, इतक्या जोराने हात मागे रेट. हे सेकंदाला साधारण १००० वेळा व्हावं लागतं. डोळ्याला सेकंदात तीस-साठ चित्रं पुरतात, पण बोट त्याहून फार चोखंदळ असतं. गणिताला जरा उशीर झाला तर कठीण पृष्ठभाग थरथरतो किंवा रबरासारखा लागतो. स्वस्त आणि महाग यंत्रांतला खरा फरक चित्रात नसतो, इथे असतो. टेबलावर ठेवायचं जे छोटं हॅप्टिक पेन मिळतं, त्याचा कमाल जोर ३.३ न्यूटन, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. कोरायला तेवढा पुरतो. पण कडक एनॅमलवर प्रोब दाबला तर ते दबल्यासारखं वाटतं.

हे तंत्र काल-परवाचं नाही. या पेनचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीत आहे. थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बनवलं. पुढे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात हिरड्यांच्या तपासणीसाठी पेरिओसिम, लंडनच्या किंग्ज कॉलेजात हॅपटेल, आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या ॲक्टा या दंतवैद्यक संस्थेच्या सहकार्याने सिमोडॉन्ट, अशी वेगवेगळी यंत्रं झाली. डेंटसिमचा मार्ग निराळा: त्यात हँडपीस खरा, दात प्लास्टिकचा आणि वरून कॅमेरा बरची जागा टिपतो. तुमच्याकडे कोटेशन येतील तेव्हा हा भेद आधी समजून घ्या, कारण दोन्हींना विक्रेते व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच म्हणतात. एकात बोटांना खोटा दात जाणवतो. दुसऱ्यात प्लास्टिकच जाणवतं, फक्त मोजमाप आपोआप होतं.

चित्राबद्दल एकच सांगते. ते त्रिमिती हवं, आणि हात जिथे आहे तिथेच दिसायला हवं. ॲक्टामध्ये सपाट चित्र आणि त्रिमिती चित्र यांची तुलना केली, तेव्हा त्रिमितीवर विद्यार्थ्यांचं काम सरस झालं. साध्या मॉनिटरकडे मान वर करून बघत खाली हात चालवायची सवय लागली, तर ती मोडायला पुढे महिने जातात.

आता वर्गात काय घडतं ते. पहिल्या दिवशी मी दात देतच नाही. चौकोनी ठोकळा, त्यात अधिक चिन्हाचा आकार, तेवढाच भाग ठरल्या खोलीपर्यंत काढायचा. बाजूला आणि तळाला थोडी मोकळीक दिलेली असते, तिच्या बाहेर गेलं की नोंद होते. गेल्या वर्षी एक मुलगी बसली होती. मी पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. नखं पांढरी पडलेली, करंगळी हवेत, श्वास रोखलेला. दहा सेकंदांत बर तळ ओलांडून गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "पुन्हा." ठोकळा नवा आला. प्लास्टिकचा दात असता तर तो वाया गेला असता, नवा मागायला स्टोअरमध्ये जावं लागलं असतं, आणि ते मागताना चेहरा पडला असता. त्या अर्ध्या तासात तिने तो आकार अकरा वेळा केला. सातव्या वेळी नखांचा रंग परत आला. आठव्या वेळी तिने बर उचलला, थांबली, बघितलं, पुन्हा टेकवला. असं उचलून बघणं मी फँटम लॅबमध्ये डिसेंबरपर्यंत ओरडून सांगत असते.

चुकायची भीती जाते, हा पहिला फायदा. दुसरा बोटांचा. किडीचा दात लावला की मी मुलांना डोळे मिटून प्रोब फिरवायला सांगते. कडक, कडक, मग एकदम ओढ लागते. "इथे मऊ आहे," ती स्वतः म्हणतात. तिसऱ्या वर्षी ओपीडीत एका मुलाने खोल कीड काढताना एक्सकॅव्हेटर (कीड खरवडायचं हत्यार) थांबवला आणि मला बोलावलं. "मॅडम, आता हे तिथल्यासारखं कडक लागतंय, थांबू का?" तिथल्यासारखं म्हणजे शेजारच्या खोलीतल्यासारखं. पूर्वी हा प्रश्न मला इंटर्नकडून ऐकायला मिळायचा, आणि तोही क्वचित.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मग तास कमी का नाही करायचे? पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही एका बॅचचे काही तास फँटम लॅबमधून काढून सिम्युलेटरला दिले. मुलांचे गुण छान चढले. सगळी खूश, मीही. मग ती बॅच फँटम हेडवर गेली आणि दोन गोष्टी दिसल्या. त्या दोन्ही तुम्हाला नीट सांगायला हव्यात.

पहिली अशी. मुलं दर चार-पाच सेकंदांनी थांबून समोर बघत होती. समोर भिंत होती. सिम्युलेटरवर तिथे आकडा असायचा: लक्ष्याचा किती भाग निघाला, बाहेर किती गेलं. आकडा दिसेना म्हटल्यावर आपलं काम कसं चाललंय हे त्यांना सांगताच येत नव्हतं. एकाला मी विचारलं, "खोली किती झाली असेल?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा." हात शिकला होता, नजर शिकली नव्हती. आकड्याने तिला शिकायची गरजच ठेवली नव्हती.

मी नंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं की हे जुनंच दुखणं आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली हालचाल शिकण्याबद्दलच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं होतं, की प्रत्येक प्रयत्नाला निकाल सांगितला तर सरावात कामगिरी सुधारते, पण निकाल काढून घेतला की ती घसरते. शिकणारा त्या निकालाला टेकू म्हणून वापरतो. सिम्युलेटर हा टेकू सेकंदासेकंदाला देतो.

तेव्हापासून आमचा नियम असा. व्यायाम चालू असताना पडद्यावर आकडा नाही. बहुतेक यंत्रांत तो लपवता येतो. नसेल लपवता येत तर त्या कोपऱ्यावर कागद चिकटवा, आम्ही सुरुवातीला तेच केलं. काम संपलं की मूल आधी स्वतः लिहितं: खोली किती, तळ सपाट आहे का, भिंती कशा, शेजारच्या दाताला लागलं का. मग आकडा उघडायचा. आणि मी त्यांना गुण देते ते दोन आकड्यांमधल्या अंतरावर: तू लिहिलंस १.५, यंत्र म्हणतं २.१, तर आज तुझ्या नजरेचा सराव करायचा आहे. पहिल्या पंधरा दिवसांत मुलं वैतागतात. एक तर म्हणाली, "मशीनला येतंय ना मोजता!" येतं. पण रुग्णाच्या तोंडात मशीन मोजत नाही. तिथे तिचे डोळे आणि प्रोब, एवढंच असणार आहे.

हे करायला शिक्षक लागतो. मुलाने लिहिलेलं आणि यंत्राने दाखवलेलं यात फरक का पडला, हे कोणीतरी शेजारी बसून उलगडावं लागतं. आरसा तिरका धरला होता का? बर उभा नव्हता का? पुढच्या बाजूला खोली बरोबर आणि मागच्या बाजूला जास्त असेल, तर मनगट वळलं. आकड्यात मनगट दिसत नाही. म्हणून शिक्षक कमी लागतील हे व्यवस्थापनाच्या कागदावरून आधी खोडा. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक लागेल, आणि तो असा हवा की जो पडद्याऐवजी हाताकडे बघेल.

दुसरी गोष्ट फिंगर रेस्टची, म्हणजे काम करताना बोट दातावर टेकवून धरण्याची, आणि माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. त्याच बॅचमधला सर्वांत जास्त गुणांचा मुलगा फँटम हेडवर वरच्या डाव्या दाढेला गेला. २६, आरशातून. त्याने शेजारच्या दाताची बाजू सपाट करून टाकली. मी त्याच्या हाताकडे पाहिलं तर अनामिका कुठेच टेकलेली नव्हती. सिम्युलेटरवर यांत्रिक हात हँडपीसचं वजन पेलत होता आणि मनगटाला आधार होता, त्यामुळे बोट टेकवल्याशिवाय काम निभत होतं. त्याची चूक म्हणवत नाही. यंत्राने त्याला जे शिकवलं ते तो करत होता.

पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला बघा. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली असते आणि ब्रश तिच्या आधाराने फिरतो. मूर्ती हलली तर हातही तिच्याबरोबर हलतो, रेघ बिघडत नाही. आपलं अगदी तसंच आहे. रुग्ण आवंढा गिळतो, डोकं हलतं. बोट दातावर टेकलेलं असेल तर बरही डोक्याबरोबर हलतो आणि काही बिघडत नाही. बोट हवेत असेल तर तोच अर्धा मिलिमीटर ओलांडला जातो. काही सिम्युलेटरांत बोट टेकवायला जागा दिलेली असते, पण ती बहुधा पट्टी किंवा कडा असते. शेजारचा दात नसतो, ओला नसतो, निसटत नाही. गाल ओढून धरायचा नसतो. जीभ मध्ये येत नाही. पाण्याचा फवारा आरशावर उडून सगळं धूसर होत नाही. आणि मान वाकडी न करता बसायचं कसं, स्टूल कुठे सरकवायचं, रुग्णाच्या डोक्याभोवती घड्याळ कल्पून नऊच्या बाजूला बसायचं की बाराच्या, हे तर डोकं, धड आणि खुर्ची असल्याशिवाय शिकवता येतच नाही. पाठीचं दुखणं घेऊन दहा-पंधरा वर्षांत काम कमी करावं लागलेले माझे कितीतरी वर्गमित्र आहेत. बसणं दुसऱ्या वर्षातच शिकवावं लागतं.

म्हणून आता आम्ही दोन्ही खोल्या एकमेकींत गुंफतो. आधी सगळे सिम्युलेटर आणि मग सगळं फँटम हेड, असं करत नाही. एकाच आठवड्यात, शक्य तर एकाच दुपारी, मूल तिकडून इकडे येतं. तिकडे खोली आणि थांबणं, इकडे तोच आकार, पण बोट टेकवून, आरशातून, पाण्यात. शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा एक प्रयोग आहे: कामं एकेक करून उरकणाऱ्यांपेक्षा ती आलटून पालटून करणाऱ्यांचा सरावातला निकाल वाईट दिसला, पण नंतर, विशेषतः काम बदललं तेव्हा, तेच पुढे होते. आमच्याकडे मोजून सिद्ध केलेलं काही नाही, पण गुंफायला लागल्यापासून मुलं भिंतीकडे बघायची थांबली, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पालक-शिक्षक सभेत मात्र गुण कमी दिसतात. ते समजावून सांगायची तयारी ठेवा.

वेळेचा हिशेब करून दाखवते, कारण कोटेशनच्या बैठकीत हाच विचारला जातो. १०० मुलांची बॅच आणि ४ यंत्रं धरा. दुपारचे अडीच तास, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे एका यंत्राचे साडेबारा आणि चारांचे मिळून ५० तास. प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्याला अर्धा तास. हा अर्धा तास पुरतो. तो एकदम महिन्याला दोन तास असा देऊ नका. चाळीस मिनिटांनंतर हात थकतो आणि थकलेला हात जे गिरवतो ते चुकीचं गिरवतो. यंत्र एकच घेणार असाल, तर सगळ्यांना महिन्यातून एकदा दर्शन घडवण्यापेक्षा ज्यांचा हात अडकलाय अशा दहा-पंधरा मुलांसाठी ते राखून ठेवा. दरवर्षी अशी मुलं असतात, आणि ती लॅबमध्ये मागच्या टेबलावर जाऊन बसतात. चार लोकांसमोर दात बिघडवायची लाज त्यांना वाटत असते. बंद खोलीत अकरा वेळा चुकायला मिळालं की त्यांच्यातली बरीच सुटतात. डावखुऱ्या मुलांसाठीही ते वापरा. फँटम लॅबची मांडणी उजव्यांसाठी केलेली असते आणि ही मुलं वर्षभर तक्रार न करता अवघडून काम करतात. सिम्युलेटर घ्यायच्या आधी तो डाव्या हाताला लावता येतो का ते विचारा.

परीक्षेसाठी यंत्राचे गुण निदान दोन वर्षं वापरू नका. दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा टायपोडॉन्टवर होते, आणि यंत्र जे मोजतं तेच मुलं करतात. बाहेर किती गेलं हे मोजलं तर ती इतकी जपून कोरतात की कॅव्हिटी अपुरी राहते. भिंत खडबडीत आहे, कड तुटकी आहे, हे आपल्या प्रोबला लागतं तसं त्या आकड्यात उतरत नाही.

प्लास्टिकच्या दातांचा खर्च किती वाचेल? सुरुवातीचे वाया जाणारे दात वाचतात, तेवढाच. पहिल्या दोन-तीन कॅव्हिटी सिम्युलेटरवर बिघडवून आलेलं मूल फँटम हेडवर कमी दात बिघडवतं. पण यंत्राच्या वार्षिक देखभालीपुढे ही बचत किरकोळ आहे. देखभालीचा करार, सॉफ्टवेअरचं नूतनीकरण आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत येणार, हे तिन्ही लेखी घ्या. आमचं एक यंत्र परीक्षेच्या तोंडावर पाच आठवडे बंद होतं, कारण सांध्यातला एक सुटा भाग परदेशातून यायचा होता. त्या पाच आठवड्यांत फँटम लॅबचे तास कमी केलेले असते तर मुलांनी काय केलं असतं, या विचाराने मला आजही धडकी भरते. व्यवस्थापनाला हे जरूर सांगा. त्यांना हा मुद्दा लगेच पटतो.

आता डेमोचं. विक्रेता येईल तेव्हा हँडपीस तुम्ही हातात घेऊ नका. तुमचा हात बसलेला आहे; तो कुठल्याही यंत्रावर चालेल आणि तुम्हाला यंत्र चांगलं वाटेल. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं बरोबर न्या, एक जिचा हात चांगला आहे अशी आणि एक जो मागच्या टेबलावर बसतो असा. विक्रेता खालच्या दाढेवर, थेट नजरेने दाखवायला लागेल. त्याला २६ लावायला सांगा, आरशातून. एनॅमलवर प्रोब दाबून बघायला लावा, दबतं का. मुलांना खोली लिहायला सांगा आणि आकडा झाकून ठेवा. मग पडद्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि दहा मिनिटं त्या मागच्या टेबलावरच्या मुलाची अनामिका कुठे आहे ते बघा.